पाच आठवड्यांची भूक

ब्रिटनमधल्या फूड बँकांत शिध्याच्या नेहमीच्या पाकिटांशेजारी आणखी एका प्रकारचं पाकीट बांधून ठेवलेलं असतं. तिथे त्याला 'केटल बॉक्स' म्हणतात. झटपट नूडल्स, सूपच्या पुड्या, उकळतं पाणी ओतलं की तयार होणारा बटाट्याचा लगदा असलं सामान त्यात असतं. घरातल्या वीज-गॅसच्या मीटरमध्ये शेगडी पेटवण्याइतके पैसे उरलेले नाहीत, पण कसंबसं पाणी उकळता येईल, अशा माणसांसाठी ते असतं. ज्यांना तेवढंही शक्य नाही त्यांच्यासाठी डबा उघडून थंडच खाता येईल असं वेगळं पाकीट असतं. मार्च २०२२ मध्ये 'आइसलँड' या सुपरमार्केट साखळीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की फूड बँकेत येणारी काही माणसं बटाटे आणि कंदमुळं नको म्हणतात, कारण ती उकडायचा खर्च त्यांना परवडत नाही. फुकट मिळणारा बटाटा भुकेला माणूस परत करतो, तेव्हा त्याच्याकडे नेमकं काय कमी आहे हे नीट विचारायला हवं. अन्न तर त्याच्या पुढ्यात आहे. माझं म्हणणं असं की जगातल्या पहिल्या पाच-सहा अर्थव्यवस्थांत गणल्या जाणाऱ्या या देशातली भूक अन्नाच्या टंचाईतून आलेलीच नाही. ठरावीक तारखेला हातात पैसा नसण्यातून ती येते, आणि ती तारीख बऱ्याचदा सरकारी नियमांनी ठरवलेली असते. म्हणून शिध्याची पाकिटं कितीही वाढवली तरी ही भूक हटणार नाही. उलट पाकिटं चोख पोहोचत राहिल्यामुळेच ती हटवण्याची निकड कुणाला वाटेनाशी झाली आहे.

ब्रिटनमधल्या फूड बँकांची जन्मकथा थोडी विचित्र आहे. पॅडी आणि कॅरल हेंडरसन या दांपत्याने १९९७ मध्ये 'ट्रसेल ट्रस्ट' सुरू केला तो बल्गेरियातल्या बेघर मुलांसाठी. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी या कॅथीड्रलच्या गावात, आपल्याच आसपास, लोक उपाशी झोपतात हे त्यांना नंतर कळलं आणि २००० मध्ये तिथे पहिली फूड बँक सुरू झाली. २००४ पासून चर्चच्या मदतीने हा नमुना गावोगाव नेण्यात आला. २००८-०९ मध्ये या जाळ्यातून वर्षाला सुमारे २६ हजार पाकिटं दिली गेली. २०१२-१३ मध्ये हा आकडा ३ लाख ४७ हजारांवर गेला, पुढच्याच वर्षी ९ लाख १३ हजारांवर, आणि २०२३-२४ मध्ये ३१ लाखांच्या पलीकडे; त्यातली ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होती. ही मोजणी पाकिटांची आहे, माणसांची नाही. एकाच माणसाला वर्षात दोन-तीनदा यावं लागतं. शिवाय या जाळ्याबाहेरच्या हजारभर स्वतंत्र फूड बँका, शाळांनी चालवलेल्या, गुरुद्वारा आणि मशिदींनी चालवलेल्या यांचा हिशेब त्यात नाही. सरकारच्या स्वतःच्या कौटुंबिक पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये ७२ लाख माणसं अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत राहत होती. आदल्या वर्षी ती ४७ लाख होती.

इथे येणाऱ्याला रांगेत उभं राहून मागेल ते मिळत नाही. ट्रसेलच्या पद्धतीत डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सिटिझन्स ॲडव्हाइससारखी सल्लासंस्था यांपैकी कुणीतरी 'या घराला खरोखरच नड आहे' असं ठरवून व्हाउचर द्यावं लागतं. मग तीन दिवसांचं डबाबंद आणि कोरडं सामान मिळतं: पास्ता, बीन्स, सीरियल, न नासणारं दूध, चहा. तिथल्या कार्यकर्त्यांना दोष देण्याचं कारण नाही. चहा पुढे करून सांत्वन करणारी ती माणसं बहुधा देशातली सर्वांत सभ्य माणसं असतील. पण रचना पाहा. गरजेचा निवाडा होतो, पुरवठ्याला मुदत असते, काय खायचं हे देणारा ठरवतो, आणि नाही मिळालं तर दाद मागायला कुठलीच जागा नाही. मिळालं तर आभार मानायचे, नाही मिळालं तर घरी जायचं. हक्क आणि उपकार यांतलं अंतर एवढंच असतं, आणि ते फार मोठं असतं.

आता आकड्यांकडे पुन्हा वळू. ३ लाख ४७ हजारांवरून एका वर्षात ९ लाख १३ हजार कसे झाले? त्या वर्षी ब्रिटनमध्ये दुष्काळ नव्हता, पीक बुडालं नव्हतं, सुपरमार्केटांच्या फळ्या भरलेल्या होत्या. बेकारी तर उतरू लागली होती. बदलले होते ते नियम. २०१२ चा वेल्फेअर रिफॉर्म कायदा त्या काळात अंमलात येत होता. ऑक्टोबर २०१२ पासून भत्त्यावर असलेल्या बेकाराने भेटीची वेळ चुकवली, पुरेशा नोकऱ्यांसाठी अर्ज केले नाहीत, तर त्याचा भत्ता आठवडे-महिने रोखण्याचे, आणि नोकरी नाकारण्यासारख्या गंभीर चुका पुन्हा पुन्हा झाल्या तर तीन वर्षांपर्यंत रोखण्याचे अधिकार आले. एप्रिल २०१३ पासून सरकारी घरात 'जास्तीची' खोली असणाऱ्याची घरभाड्याची मदत कापली जाऊ लागली. आणि त्याच एप्रिलमध्ये एक फार कमी चर्चिली गेलेली गोष्ट झाली: 'सोशल फंड' नावाची जुनी सोय मोडीत निघाली. पगार चोरीला गेला, फ्रीज बंद पडला, भत्ता अडकला, अशा वेळी सरकारी खिडकीवर जाऊन आणीबाणीचं बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान मागता येत असे. ती खिडकी केंद्र सरकारने बंद केली आणि जबाबदारी स्थानिक परिषदांवर ढकलली. इंग्लंडमध्ये तर त्या पैशावर 'याच कामासाठी' असा शिक्काही ठेवला नाही. आधीच कपातीने पोखरलेल्या परिषदांपैकी कित्येकांनी ही योजना आखडती घेतली, काहींनी गुंडाळली. सरकारने आपली आणीबाणीची खिडकी बंद केली त्याच वर्षी चर्चच्या सभागृहातली खिडकी अडीचपट गजबजली. सगळी वाढ या एकाच कारणाने झाली असं मी म्हणणार नाही. फूड बँकांचं जाळंही त्या वर्षांत झपाट्याने पसरत होतं. पण एका सार्वजनिक सेवेचं काम धर्मादायाकडे सरकलं, आणि त्याची तारीखही आपल्याला सांगता येते, हे विसरून चालणार नाही.

पुढे आलं युनिव्हर्सल क्रेडिट. सहा वेगवेगळे भत्ते एकत्र करून एकच मासिक रक्कम द्यायची, ही कल्पना मुळात वाईट नव्हती. पण तिच्या पोटात एक समजूत दडली होती, की गरीब माणूस महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कारकुनासारखा जगतो. म्हणून आधी एक महिना त्याच्या मिळकतीचं मोजमाप, मग रक्कम जमा व्हायला आठवडा. अर्ज केल्यापासून पहिला पैसा हातात पडायला पाच आठवडे. काही काळ तर सहा होते. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या, गाठीशी काहीच नसलेल्या माणसाने हे पाच आठवडे काय खायचं? त्यावर सरकारचं उत्तर होतं आगाऊ रक्कम. ती कर्ज असते आणि पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते. म्हणजे पहिल्या महिन्याची भूक पुढच्या वर्ष-दोन वर्षांवर पसरते. जवळपास निम्म्या कुटुंबांच्या हप्त्यांतून या ना त्या देण्यापोटी कपात होत आली आहे. ट्रसेलने २०१८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, जिथे ही पद्धत पूर्णपणे लागू होऊन वर्ष झालं होतं त्या भागांत पाकिटांची मागणी सरासरी ५२ टक्क्यांनी वाढली होती. जिथे ती अजून पोहोचली नव्हती किंवा नुकतीच आली होती तिथे १३ टक्क्यांनी. फेब्रुवारी २०१९ मध्ये भत्त्यांच्या खात्याच्या मंत्री अँबर रड यांनी खुद्द संसदेत मान्य केलं की पैसे वेळेवर हाती न येणं हे फूड बँकांच्या वाढीचं मुख्य कारण असू शकतं. कबुली आली, नियम तसाच राहिला. त्या पाच आठवड्यांचा भार दरम्यान कुणी उचलला, ते सांगायला नको.

अन्न असताना भूक कशी, या कोड्याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिलं गेलं आहे, आणि तेही ब्रिटिश राज्यातल्याच दुष्काळाचा अभ्यास करून. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालबद्दल दाखवलं की त्या वर्षी प्रांतातला धान्यसाठा १९४१ पेक्षा कमी नव्हता, तरी लाखो माणसं मेली. कारण मजूर, कोळी, कारागीर यांची ते धान्य मिळवण्याची ताकद कोसळली होती. त्यांच्या आकडेवारीवर पुढे वाद झाले, पण मूळ मुद्दा टिकला: आडात पाणी असून उपयोग नाही, दोर तोकडा पडला तर घागर कोरडीच वर येते. आजच्या ब्रिटनमध्ये बंगालसारखं कुणी मरत नाही, आणि दोहोंना एका तागडीत घालणं हा मृतांचा अपमान होईल. तरीही तर्क तोच आहे. ज्याचा दोर तोकडा आहे त्याला ओंजळभर पाणी पाजणं ही माणुसकी. पण रोज ओंजळ पाजण्याची व्यवस्था उभारून दोराचा विषयच न काढणं, ही राजकीय निवड आहे.

या निवडीमागची मनोवृत्तीही आपल्या ओळखीची आहे. १८३४ च्या इंग्लिश गरीब-कायद्याचं सूत्र होतं की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब कष्टकऱ्याहूनही वाईट ठेवावी, म्हणजे खरा गरजू तेवढाच दाराशी येईल. हेच सूत्र १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये येऊन पोहोचलं. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि एक आणा एवढी खाली आणली, कामं घरापासून लांबच्या छावण्यांत ठेवली, म्हणजे गरज आपोआप 'तपासली' जाईल. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडून याचा निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासमधल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही त्या शिध्यावर माणूस जगू शकत नाही असं बजावलं, तेव्हा कुठे काही महिन्यांनी तो वाढला. ब्रिटनने स्वतःच्या देशात हे सूत्र पुढे टाकून दिलं. सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडणारा १९४२ चा बेव्हरिज अहवाल आला, आणि १९४८ च्या राष्ट्रीय सहाय्य कायद्याने जुना गरीब-कायदा संपल्याचं पहिल्याच कलमात जाहीर केलं. म्हणूनच २०१२ नंतर जे घडलं त्याला नवी काटकसर म्हणणं अपुरं आहे. हाकलून दिलेलं जुनं सूत्र मागच्या दाराने परतलं. फरक एवढाच की गरजेची तपासणी आता डॉक्टर आणि शिक्षक करतात आणि शिधा शेजारीपाजारी देतात.

याला पहिला आक्षेप घेतला तो लॉर्ड फ्रॉइड यांनी, जे तेव्हा याच सुधारणांचे मंत्री होते. २०१३ मध्ये त्यांनी लॉर्ड्स सभागृहात असं मांडलं की फुकट मिळणाऱ्या वस्तूला जवळपास अमर्याद मागणी असते. फूड बँका वाढल्या म्हणून येणारे वाढले. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण पुरवठा नसेल तिथे मागणी मोजलीच जात नाही. सुरुवातीच्या वाढीचा काही भाग नक्कीच जाळं पसरल्यामुळे दिसला. पण २०१४ नंतर ट्रसेलच्या फूड बँकांची संख्या चारशेच्या थोडी पुढे जाऊन जवळपास स्थिरावली; पाकिटं मात्र ११ लाखांवरून २०१९-२० मध्ये १९ लाखांवर गेली. रेचल लूपस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या अभ्यासात, जिथे सरकारी कपात आणि भत्ते रोखण्याचं प्रमाण जास्त, तिथे फूड बँका उघडण्याची शक्यता आणि त्यांचा वापर जास्त, असं आढळलं. आणि अमर्याद मागणीच्या सिद्धांताला सर्वांत मोठा धक्का वेगळ्याच आकड्याचा आहे. ट्रसेलच्याच २०२३ च्या अहवालानुसार ज्यांना वर्षभरात भुकेला तोंड द्यावं लागलं त्यांतले ७१ टक्के लोक कुठल्याही धर्मादाय मदतीकडे गेलेच नाहीत. काहींना माहीत नव्हतं, काहींना लाज वाटली, काहींना आपल्याहून नडलेला कुणी असेल असं वाटलं. कॅनडातही भुकेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच फूड बँकेत जातो. फुकट वस्तूवर तुटून पडणारी माणसं अशी वागत नाहीत. याचा अर्थ असाही होतो की पाकिटांचा आकडा हा भुकेचा आकडा नव्हे; तो तिचा पाण्यावर दिसणारा भाग आहे.

दुसरा आक्षेप आपल्याकडेही चहाच्या टपरीवर ऐकू येईल असा आहे: या लोकांना स्वयंपाक येत नाही, हिशेब जमत नाही. मे २०२२ मध्ये ली अँडरसन या खासदारांनी संसदेत जवळपास हेच सांगितलं आणि ३० पेन्समध्ये जेवण होतं असा दाखला दिला. तीस पेन्सचं जेवण होतंही, दीडशे-पावणेदोनशे माणसांचा स्वयंपाक एका वेळी केला तर, आणि शेगडीचं बिल दुसऱ्याने भरलं तर. पण हिशेब मांडायचाच तर पुरता मांडू. २०२३ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटचा मूळ भत्ता आठवड्याला सुमारे ८५ पौंड मिळत होता. घरभाडं सोडून अन्न, वीज-गॅस, साबण, प्रवास, फोन एवढ्याचा किमान खर्च गरिबीचा अभ्यास करणारी जोसेफ राउंट्री फाउंडेशन ही संस्था आणि ट्रसेल यांनी १२० पौंड काढला होता. त्या मार्चमध्ये अन्नाची महागाई १९ टक्क्यांच्या वर होती. पस्तीस पौंडांची ही तूट कुठल्या पाककलेने भरून काढायची? आणि फूड बँकेत येणाऱ्या दर दहांतल्या जवळपास सात घरांत कुणीतरी अपंग किंवा दीर्घ आजारी आहे, पाचातल्या एका घरात कुणीतरी नोकरी करतं, हे त्याच २०२३ च्या अहवालातले तपशील आळशी गरिबाच्या चित्रात बसत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतली रुग्णालयं चालवणाऱ्या ट्रस्टांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत चौथ्या हिश्श्याहून अधिक ट्रस्टांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी फूड बँक चालवत असल्याचं सांगितलं. रुग्णालयातली नर्स हिशेबात कच्ची आहे, असं म्हणायला मग बरंच धाडस लागेल.

तिसरा युक्तिवाद आक्षेपासारखा दिसत नाही, तो कौतुकासारखा येतो आणि म्हणून जास्त घातक आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये खासदार जेकब रीस-मॉग यांनी रेडिओवर म्हटलं की स्वेच्छेने चालणाऱ्या फूड बँका पाहून मन भरून येतं, देश किती दयाळू आहे हे दिसतं. दया खरी आहे, यात शंका नाही. पण तिच्याकडून कुठलं काम करून घेतलं जातंय? सुपरमार्केटच्या दाराशी एक पेटी असते. गिऱ्हाईक आत जाऊन पूर्ण किमतीला बीन्सचा डबा विकत घेतो आणि बाहेर जाताना पेटीत टाकतो. ट्रसेलच्या पाकिटांतलं बहुतांश सामान वर्षानुवर्षं असंच आलं आहे. दुकानाची विक्री झाली, त्याचं नाव झालं, गिऱ्हाइकाचं मन हलकं झालं, स्थानिक खासदाराचा पेटीशेजारी फोटो निघाला. या सगळ्या साखळीत एकच पक्ष असा आहे ज्याने काही केलं नाही आणि ज्याला काही विचारलंही गेलं नाही, तो म्हणजे भत्त्याचे नियम लिहिणारा. सरकारी खात्यातून रोखलेले पैसे डब्याच्या रूपाने शेजाऱ्याच्या खिशातून भरले जातात. आणि त्या शेजाऱ्याचीही परिस्थिती पुष्कळदा बेताचीच असते. महागाई चढली तशी पेट्यांतली भर आटली आणि मागणी वाढली. धर्मादायाची ही मूळ खोट आहे: गरज जास्त असते तेव्हाच देणाऱ्यांचेही हात आखडतात.

वाया जाणारं अन्न भुकेल्यांना द्या, एका दगडात दोन पक्षी, हा सल्ला मात्र मी थोडक्यात उरकतो. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १ कोटी टन अन्न वाया जातं हे खरं, पण त्यातलं साठ टक्के लोकांच्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यातलं आहे. ते कुणाच्या ताटात जायचं नाही. दुकानांतलं उरलेलं अन्न वाटलं जावं, जरूर जावं. पण नासाडी हा साखळीतल्या नियोजनाचा प्रश्न आहे आणि भूक हा मिळकतीचा. नासाडीवर इलाज झाला आणि उरलंसुरलं अन्न संपलं, तर गरिबांनी काय खायचं? दुसऱ्याचं उरलेलं हेच ज्यांच्या जेवणाचं साधन ठरवलं आहे, त्यांच्या पोटासाठी नासाडी टिकवून धरावी लागेल.

मग पैसा दिल्याने खरंच फरक पडतो का? याची चाचणी ब्रिटनने नकळत करून पाहिली आहे. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आठवड्याला २० पौंड वाढवले गेले. हा भत्ता घेणाऱ्या घरांत अन्नाची शाश्वती नसलेल्यांचं प्रमाण २०१९-२० मध्ये ४३ टक्के होतं, ते २०२०-२१ मध्ये २७ टक्क्यांवर आलं. त्या वर्षी पाहणी फोनवरून झाली, नव्याने बेकार झालेले तुलनेने सुस्थितीतले लोकही या भत्त्यावर आले होते, त्यामुळे सगळं श्रेय वीस पौंडांचं म्हणता येणार नाही. पण महामारीत, बेकारीच्या भीतीत, भूक वाढण्याऐवजी घटावी, ही साधी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वीस पौंड काढून घेतले गेले. कॅनडातला पुरावा याहून स्वच्छ आहे. न्यूफाउंडलँड आणि लॅब्रडॉर प्रांताने सामाजिक मदतीची रक्कम वाढवली आणि ती महागाईशी जोडली, तेव्हा २००७ ते २०१२ या काळात मदतीवर जगणाऱ्या घरांतली अन्नाची असुरक्षितता सुमारे ६० टक्क्यांवरून ३४ टक्क्यांपर्यंत खाली आली. कॅनडातच असंही दिसलं आहे की गरीब माणूस पासष्टीचा होऊन त्याला खात्रीचं निवृत्तिवेतन सुरू झालं की भुकेची शक्यता जवळपास निम्म्याने घटते. वाढदिवसाच्या आदल्या आणि नंतरच्या वर्षात तो काही स्वयंपाक शिकलेला नसतो.

सरकारला हे परवडेल का, असा प्रश्न यावर हमखास येतो. त्या वीस पौंडांचा वर्षाचा खर्च सुमारे ६ अब्ज पौंड होता. रक्कम लहान नाही. पण त्याच ब्रिटनने २०१० नंतरच्या काटकसरीच्या संपूर्ण काळात म्हाताऱ्यांचं सरकारी निवृत्तिवेतन 'ट्रिपल लॉक'ने सांभाळलं, म्हणजे महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढं ते दरवर्षी वाढवलं. काम करण्याच्या वयातल्या गरिबांचे बहुतेक भत्ते मात्र २०१६ ते २०२० अशी चार वर्षं गोठवून ठेवले. आज अन्नाची असुरक्षितता वृद्धांत सर्वांत कमी आणि लहान मुलं असलेल्या गरीब घरांत सर्वांत ठळक आहे, हा योगायोग नाही. पैसा होता. तो कुणावर खर्च करायचा हे मतपेटीच्या हिशेबाने ठरलं. भत्ता वाढवला तर लोक काम सोडतील, ही भीतीही वृद्धांच्या बाबतीत अर्थातच कुणाला वाटली नाही. आणि ज्या घरात कमावतं माणूस आहे ते घरही फूड बँकेत येतं, तिथे ती भीती कशाच्या आधारावर बाळगायची ते कळत नाही.

याचा अर्थ फूड बँका उद्या बंद कराव्यात असा कुणी काढू नये. आज रात्री ज्याच्या घरी मुलं उपाशी आहेत त्याला धोरणाचा निबंध चालत नाही. पण तात्पुरती सोय कायमची कशी होते, याचा धडा कॅनडात लिहून ठेवलेला आहे. १९८१ मध्ये मंदीत एडमंटनला त्या देशातली पहिली फूड बँक उघडली, ती थोड्या काळापुरती म्हणून. मार्च २०२४ या एका महिन्यात कॅनडातल्या फूड बँकांत २० लाखांहून अधिक फेऱ्या नोंदल्या गेल्या. गोदामं आली, ट्रक आले, कंपन्यांच्या देणग्या आणि करसवलती आल्या, नोकरवर्ग आला. ग्रॅहम रिचेस यांच्यासारखे अभ्यासक चार दशकं सांगत राहिले की भुकेचा प्रश्न सरकारच्या टेबलावरून उठून गोदामात गेला. ब्रिटनमधल्या फूड बँका या बाबतीत अधिक प्रामाणिक आहेत असं माझं मत आहे. आपली गरजच उरू नये हे ट्रसेलचं जाहीर ध्येय आहे, आणि भत्ता किमान खर्चाएवढा असावा असा कायदा करा, ही मागणी तीच संस्था करते. स्कॉटलंडने तर अडलेल्याला आधी रोख रक्कम आणि फूड बँक शेवटी, असं धोरणच स्वीकारलं आहे.

भारतात आपण रोखीपेक्षा धान्य देतो, मग ते चुकतंय का, असं इथल्या वाचकाला वाटेल. दोन्हींत फरक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी माणसांना दरमहा मिळणारं पाच किलो धान्य हे कायद्याने ठरलेलं देणं आहे. धान्य मिळालं नाही तर त्याऐवजी भत्ता द्यावा असं कलमही त्या कायद्यात आहे. ते किती पाळलं जातं, अंगठ्याचा ठसा जुळला नाही म्हणून कितीजण रिकाम्या पिशवीने परततात, हा आपला स्वतंत्र आणि लाजिरवाणा विषय आहे. तरीही रेशन दुकानदाराशी भांडता येतं, तहसीलदाराकडे तक्रार करता येते, मोर्चा नेता येतो. बीन्सचा डबा देणाऱ्या शेजाऱ्याशी भांडता येत नाही. जिथे बाजारच भरवशाचा नाही तिथे धान्याचा हक्क मोलाचा. जिथे दर कोपऱ्यावर भरलेलं दुकान आहे तिथे पैशाचा. दोन्हीकडे मागता येण्याजोगं काहीतरी कायद्यात असायला लागतं. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना असा हक्क नसण्याची झळ थेट लागते, कारण त्यांच्या व्हिसावरच 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी अट असते. भत्त्याच्या दाराशी ते उभेच राहू शकत नाहीत. अडचण आली तर त्यांच्यासाठी उरतो तो गुरुद्वाऱ्याचा लंगर किंवा फूड बँक.

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात शिध्याच्या पाकिटांवरचं हे अवलंबन समाजावरचा नैतिक व्रण असल्याचं म्हटलं होतं. त्यानंतर दोनपेक्षा जास्त मुलांचा भत्ता रोखणारा २०१७ चा नियम उठवा म्हणून मत देणाऱ्या आपल्याच सात खासदारांना त्या पक्षाने महिन्याभराच्या आत गटातून निलंबित केलं. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तो नियम एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा झाली. त्याच एप्रिलपासून मूळ भत्ता महागाईपेक्षा थोडा जास्त वाढवायचं एका वेगळ्या कायद्याने ठरलं, आणि त्याच कायद्याने नव्याने आजारी पडणाऱ्यांची जादा रक्कम जवळपास निम्म्यावर आणली. म्हणजे फूड बँकेच्या दारात सर्वांत जास्त दिसणाऱ्यांच्याच हातून काढून घेतलं. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगावंसं वाटतं: पेटीत डबा टाकत असाल तर टाकत राहा, आणि तुमचा खासदार त्या पेटीशेजारी फोटोला उभा राहिला की त्याला पाच आठवड्यांबद्दल विचारा. त्या अर्थसंकल्पाने पहिल्या हप्त्याच्या त्या मुदतीला हात लावलेला नाही.